डावीकडचं वजन

पांढुर्णा
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय मयूरदादा,

नमस्कार. तू बरा असशील असं धरून लिहिते. तुझा इंदूरचा पत्ता तिगावला जाऊन तुझ्या आईकडून, कलाकाकूंकडून घेतला. "काऊन पायजे?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, असंच. तर जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे लिहून दिला. काकू थकल्या आहेत, पण अंगणातली तूर स्वतःच झोडपत होत्या.

इकडचं सगळं ठीक. पांढुर्णा जिल्हा झाला, ते तू पेपरात वाचलंच असशील. मी अजून सौंसरला अप-डाउन करते, सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. आई जाऊन चार वर्षं झाली. बाबा पीडब्ल्यूडीतून रिटायर झाले, तरी नऊ वाजले की शर्ट खोचून तयार होतात आणि मग कुठे जायचं ते न सुचून ओसरीत बसतात. म्हणजे बसायचे. आता त्यांना काम मिळालं आहे, त्याबद्दलच लिहायचं आहे.

दहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही हे मला माहीत आहे. त्याबद्दल आज काही लिहीत नाही.

संक्रांतीच्या आधी माळा साफ करताना बाबांना तुमची गाडी सापडली. बारावीच्या सुट्टीत तू आणि ऋषीदादानं बनवली होती ती. प्लायवूडचा तुकडा, जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर, पावडरच्या डब्यांच्या झाकणांची चाकं, पुठ्ठ्याच्या तीन सीटा. मोटरवरून मागच्या दांड्याला रबरबँडचा पट्टा. सोबत दादाची वही होती. शेवटच्या पानावर त्याच्या अक्षरात एवढंच आहे: "चढावर चाकं घसरतात. पकड वाढवायची. मयूरला विचारणे."

बाबांनी ते पान कितीतरी वेळ हातात धरलं. मग वहीतून सोडवून दादाच्या खोलीतल्या भिंतीला चिकटवलं. दुसऱ्या दिवशी जुन्या पलंगाची फळी काढली, एका टोकाखाली विटा लावल्या आणि चढ तयार केला. मोटर अजून चालते याचंच मला आश्चर्य वाटलं. दोन पेन्सिल सेल घातले की चाकं गरगर फिरतात, पण गाडी फळीवर वीतभर चढते आणि जागच्या जागी घसरत राहते.

"गाडीत जोर आहे," बाबा म्हणतात. "ती जमिनीले धरून नाही राहिली."

तेव्हापासून रोज दुपारी तेच सुरू आहे. चाकांवर फुगे कापून चढवले, ते सुरकुतले. सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली, ती बरी होती पण तीन-चार चढांत गुळगुळीत झाली. मी शाळेतून ग्लूगन आणली, तिचे थेंब चाकावर दिले, तर गाडी उड्या मारायला लागली. घासकागद लावला, त्यानं फळीच सोलली. बाबा प्रत्येक वेळी विटांची उंची, फळीचा तिरपेपणा, गाडी कुठपर्यंत चढली, सगळं लिहून ठेवतात. मी एकदा म्हटलं, बाबा, खेळणं आहे ते. त्यांनी वर न पाहता उत्तर दिलं, "टायर घसरले म्हणूनच झालं ते सगळं. संक्रांतीनंतर बदलू म्हणून म्याच राहू दिले होते."

त्यांचं हे दहा वर्षांपासून चालू आहे. मी ऐकते आणि चहा ठेवायला जाते.

विचारायचं ते हे. तुम्ही तेव्हा चाकांना काही लावायचात का? काही युक्ती होती का? चार ओळी लिहिल्यास तर बरं होईल. बाबांना या पत्राचं माहीत नाही. युक्ती मी माझीच म्हणून सांगेन. त्यांच्यासमोर तुझं नाव अजून घेता येत नाही.

आणि एक लहानशी गोष्ट, सहज म्हणून लिहिते. रोज संध्याकाळी बाबा ती गाडी दादाच्या टेबलावर ठेवतात. या आठवड्यात तीनदा मी शाळेतून आले तेव्हा ती माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी होती, तोंड आतल्या बाजूला. बाबा म्हणतात त्यांनी ठेवली नाही. त्यांचं वय झालं, विसरत असतील.

तब्येतीला जप.

तुझी,
तेजू


पांढुर्णा
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मयूरदादा,

तुझं पत्र मिळालं. तू लगेच उत्तर देशील असं वाटलं नव्हतं. तुझं अक्षर बदललं आहे, खूप लहान झालं आहे. "काकांना सांगू नको मी लिहिलं म्हणून, त्यांना त्रास होईल," हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि मग पत्र दप्तरात ठेवून वर्गावर गेले. सातवीला घर्षण शिकवायचं होतं. शिकवलं.

तू लिहिलंस तसंच केलं. मागच्या चाकांवर वजन हवं, आणि तुम्ही तिघांचे मातीचे गोळे करून सीटांवर बसवायचात, हे मला आठवतच नव्हतं. माझा गोळा सगळ्यांत लहान असायचा म्हणे. मी बाबांना म्हटलं, वजन टाकून पाहू, माणसांसारखे गोळे करून. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वयंपाकघरातला काटा घेऊन बसले. किलोला एक ग्रॅम असा हिशेब. तुझे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम, दादाचे चौसष्ट. माझा गोळा त्यांनी मला न विचारताच केला. खिळ्यानं त्यांवर अक्षरं काढली: म, ऋ, ते. आणि बसवले. पुढे उजवीकडे, स्टिअरिंगमागे, म. त्याच्या शेजारी डावीकडे ते. मागे डावीकडे ऋ.

दहा वर्षांत त्यांनी तुझं नाव घेतलं नाही, पण तुझा गोळा मात्र काळजीनं बसवला.

मग त्यांनी टायर काढला. आपल्या पांढऱ्या गाडीचा, पुढचा डावा. पोलिसांकडून गाडी सुटली तेव्हा बाकी सगळं भंगारात दिलं, हा एक टायर बाबांनी ठेवून घेतला होता, न्हाणीघराच्या मागे, पोत्याखाली. मला माहीत होतं, पण तिकडे मी जात नाही. त्यांनी त्याचा वरचा रबराचा थर सुरीनं पातळ सोलला, स्पिरिटनं पुसला, पंक्चरच्या सोल्यूशननं झाकणांवर चिकटवला. मी म्हटलं, "बाबा, तो नका घेऊ." ते म्हणाले, "गुळगुळीत रबर कोरड्या लाकडाले चांगलं धरते. तुले माहीत नाही का? मास्तरीण नं तू."

त्या रबरानं गाडी चढली.

मयूरदादा, तिचा आवाजच बदलला. आधी चाकं फिरफिर वाजायची. आता आवाज असा येतो, जसं कोणी फळीवरून ओला हात सावकाश ओढत नेतं. चाक जराही सुटत नाही. बाबा गुडघ्यांवर बसून पाहत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी किती वर्षांनी हसू पाहिलं. पण गाडी फळीच्या तीनातल्या दोन हिश्श्यांपर्यंत आली, तिथे क्षणभर थांबली, डावीकडे वळली आणि खाली पडली. तू आणि मी सीटांवर होतो तसेच राहिलो. फक्त दादाचा गोळा उडून गेला.

पुन्हा सोडली. पुन्हा त्याच जागी.

बाबांनी तिथे खडूनं रेघ मारली. एकवीस वेळा सोडली, एकवीस वेळा रेघेवरच वळली. फळी उलटी केली, वरची बाजू खाली, डोकं पायथ्याशी. पाणसळीनं पातळी तपासली. दुसरीच फळी आणली. ओसरीत नेऊन सोडली. कुठेही सोडली तरी तेवढंच अंतर जाते, डावीकडे वळते, आणि ऋ लिहिलेला गोळाच पडतो. बाबांचं हसू गेलं. आता ते लिहूनही ठेवत नाहीत, नुसते सोडत राहतात. "पकड तर आहे," म्हणतात, "मग कायले पडून राहिली?"

काल शनिवार होता. बाबा शेजारच्यांच्या जीपमधून जामसांवलीच्या देवळात गेले होते. त्या अपघातानंतर पहिल्यांदाच गेले. माझी शाळा लवकर सुटली. मी दोन वाजता घरी पोचले. गल्लीत कोणी नव्हतं, उन्हानं सगळ्यांची दारं लोटलेली. कुलूप मीच उघडलं. आत पाऊल टाकलं आणि तो ओल्या हाताचा आवाज ऐकू आला.

दादाच्या खोलीचं दार उघडं होतं. गाडी फळीवर चढत होती. मी दारात उभी राहून पाहिलं. ती रेघेपर्यंत आली, थांबली, डावीकडे वळली, पडली. दादाचा गोळा फरशीवरून घरंगळत माझ्या चपलेला लागला.

मी गाडी उचलली. सेलची डबी उघडी होती आणि रिकामी होती. दोन्ही सेल खिडकीत होते. बाबा सकाळी ते उन्हात ठेवून गेले होते, ताजे व्हावेत म्हणून. आणि माझ्या हातात चाकं फिरतच होती. मी बोट लावलं तर बोटाला धरत होती, वाळूसारखी खरखरीत नाही, जिभेसारखी. मी म्हटलं, दादा, पुरे. तेव्हा थांबली.

मी विज्ञान शिकवते. हे मी कोणाला सांगणार?

तुला एक विचारायचं आहे. त्या दिवसाचं तुला खरंच काहीच आठवत नाही का? जामसांवलीचं देऊळ, नंतरचं जेवण, परतीचा रस्ता? हॉस्पिटलात तू शुद्धीवर आल्यावर मला एक प्रश्न विचारला होतास, तो तरी आठवतो का?

नाही. याचं उत्तर लिहू नकोस. मीच लिहीन. मला थोडे दिवस दे.

तेजस्विनी


पांढुर्णा
रविवार, २ मार्च २०२५

मयूरदादा,

हे पत्र बसून वाच. सोबत कोणी असेल तर त्याला थांबवून घे. असं सांगायला तुझ्या आईनंच सांगितलं आहे. त्यांना सगळं कळलं आहे. कसं ते पुढे लिहिते.

गेल्या रविवारी दुपारी बाबा जेवून पडले होते. मी दादाच्या खोलीत गेले आणि दार लोटलं. गाडी पायथ्याशी होती, गोळे बाबांनी बसवले तसे. मी म काढला. ते काढला. दोघांची अदलाबदल केली. स्टिअरिंगमागे ते, शेजारी डावीकडे म. ऋ होता तिथेच ठेवला. सेल घातले आणि सोडली.

गाडी रेघेपर्यंत आली. थांबली नाही. सरळ वर गेली, फळीच्या टोकाला पोचली आणि तिथे, बटण चालू असताना, आपली आपण उभी राहिली. एकही गोळा हलला नाही.

"तू तवा किती किलोची होती?" मागून बाबा बोलले. दार कधी उघडलं ते मला कळलं नव्हतं.

मी म्हटलं, "शेहेचाळीस."

"तेवढाच केला म्या तो गोळा," ते म्हणाले, आणि दादाच्या पलंगावर बसले.

याला कारण देता येतं. मोटर उजव्या बाजूला बसवलेली आहे. तुझं वजनही उजवीकडे ठेवलं की उजवं चाक जास्त धरतं आणि गाडीला डावीकडे ढकलतं. तुला डावीकडे बसवलं की दोन्ही बाजू सारख्या होतात. मी हे बाबांना सांगायला लागले. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"तू चालवत होती," ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

मयूरदादा, गाडी मी चालवत होते. तू नाही. परतताना तू एक मिनिटही स्टिअरिंगला हात लावला नव्हतास. सौंसरहून निघताना चावी तुझ्या हातात होती, ती मी मागून घेतली. माझ्याकडे लायसन्स नव्हतं. दादा म्हणाला, "पांढुर्णा यायच्या आधी बदलून घेजो, बाबा पाहतील." पांढुर्णा सात किलोमीटर राहिलं होतं. नाल्याजवळच्या वळणावर ट्रॅक्टरनं आणलेली माती सांडली होती. मी घाबरून ब्रेक पूर्ण दाबला. चाकांची पकड सुटली. गाडी डावीकडे गेली आणि पुलाच्या कठड्याला लागली. मागे डावीकडे दादा झोपला होता.

मला खरचटलं नाही. तुझं डोकं फुटलं होतं आणि तू माझ्या मांडीवर आडवा पडला होतास. मी तुझ्याखालून निघाले, माझ्या बाजूच्या दारातून बाहेर आले, तेव्हा तू सरकून ड्रायव्हरच्या सीटवर गेलास. ते मी केलं नाही. पण नंतरचं मी केलं. तिथे बकऱ्या चारणारा चिंधू त्या सोडून पहिल्यांदा धावत आला. त्यानं आत पाहिलं आणि मला विचारलं, "गाडी कोण चालवत होतं वो बाई?" मी म्हटलं, मयूरदादा.

त्या वेळी दादा गेला आहे हे मला माहीत नव्हतं. मला फक्त बाबा रागावतील याची भीती वाटली होती. मग ते पोलिसांनी लिहून घेतलं, आणि मग दादा गेला, आणि मग ते बदलायचं म्हणजे आईबाबांना काय सांगायचं हे मला सुचेना.

नागपूरला चौथ्या दिवशी तू शुद्धीवर आलास. तुला सकाळी दाढी केल्यापुढचं काही आठवत नव्हतं. तू मला विचारलंस, "तेजू, गाडी माझ्याच हातात होती नं?" मी हो म्हटलं. तू तोंड भिंतीकडे केलंस. मी बाहेर येऊन आईला सांगितलं की तो बोलायला लागला.

त्यानंतर तू कोर्टात गुन्हा कबूल केलास. पटवारीच्या नोकरीसाठी झालेली निवड गेली. जमलेलं लग्न मोडलं. कलाकाकूंनी परवा सांगितलं की तू अजून कशातही पुढच्या सीटवर बसत नाहीस. हे सगळं माझ्या एका शब्दावर. तेरवीच्या दिवशी तू डोक्याला पट्टी बांधून आमच्या दारात आलास आणि बाबांनी तुला आत घेतलं नाही, तेव्हा मी खिडकीतून पाहत होते.

बाबांचंही लिहायला हवं. ते म्हणाले लिही.

मी त्यांना विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?" ते फळीकडे वळले. मग म्हणाले, "गाडी सोडवाले गेलो तवाच. ड्रायव्हरची सीट पार पुढं ओढलेली होती. मयूर सहा फुटाचा. त्याचे गुडघे बसले नसते तिथं." मी म्हटलं, "मग?" ते म्हणाले, "मग काय. म्या सीट मागं सरकवली. कुणी पाहाच्या आधी. अन् मनाले सांगत राह्यलो की टायर घसरले म्हणून झालं. एक लेकरू गेलं होतं. दुसरं कसं देऊ?"

आम्ही दोघं एका घरात दहा वर्षं राहिलो, समोरासमोर बसून जेवलो, आणि दोघांनाही माहीत होतं.

त्यानंतर गाडीचं काय झालं ते लिहिते, मग पुढचं. त्या संध्याकाळी बाबांनी पुन्हा बटण दाबलं, तर मोटर हलली नाही. सेल बदलले, तरी नाही. त्यांनी पेचकसानं मोटरचं झाकण उघडलं. आतली तार तुटलेली होती, दोन्ही टोकं एकमेकांपासून बोटभर लांब. टोकांवर हिरवा गंज चढला होता, जाड, कितीतरी वर्षांचा. बाबांनी नखानं तो खरवडून पाहिला. सेलपासून मोटरपर्यंत वीज जायला दुसरा रस्ताच नव्हता.

"मग महिनाभर आपण काय चालवून राह्यलो?" ते म्हणाले.

मी झाकणाचे स्क्रू गोळा करून त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी झाकण लावून गाडी कपाटात ठेवली आणि ती तिथेच आहे. उंबऱ्याशी आली नाही. पण शाळेतून आले की मी अजून आधी खाली पाहते.

मंगळवारी बाबा नऊ वाजता शर्ट खोचून तयार झाले आणि म्हणाले, "चाल, तिगावले जाऊ." मी म्हटलं, आधी फोन करू का. ते म्हणाले, नको. कलाकाकू मागच्या अंगणात वाटाणे सोलत होत्या. बाबांना दारात पाहून उठल्या नाहीत. बाबा उभ्यानंच बोलले. मी चालवत होते हे, आणि सीटचं, आणि तेरवीच्या दिवसाचं. मधे एकदा त्यांचा आवाज गेला, तेव्हा पुढचं मी सांगितलं. कलाकाकूंचे हात थांबले नाहीत. सगळं ऐकल्यावर त्यांनी शेंगा बाजूला सारल्या आणि मला विचारलं, "त्याले सांगितलं का?"

मी म्हटलं, "नाही अजून."

"मग माझ्याकडे कायले आले तुम्ही? माफी मागाले? ती माझ्यापाशी नाही. माहं पोरगं दहा वर्षं झोपेत ओरडते, अन् सकाळी म्हणते, आई, म्या ऋषीले मारलं. आधी त्याले सांग."

मी म्हटलं, "आज फोन करते."

"फोनवर नको. फोन ठेवता येते. कागदावर लिहून पाठव, त्याच्या हाती राह्यला पायजे. त्याले पुन्हा पुन्हा वाचावं लागन, तवा खरं वाटन." मग बाबांकडे न पाहता म्हणाल्या, "पाणी आत माठात आहे. घ्यायचं तर घ्या." आम्ही घेतलं नाही.

बाबांनी छिंदवाड्याच्या एका वकिलाला विचारलं. इतक्या वर्षांनी निकालाचं काय होईल, ते ठामपणे सांगत नाहीत. पण मी शपथपत्र देऊ शकते. सोमवारी, दहा मार्चला, देणार आहे. बाबा सीटबद्दलचं वेगळं देणार आहेत. माझ्या नोकरीचं जे व्हायचं ते होईल. शाळेत मी स्वतः सांगेन, इतर कोणाकडून कळण्याआधी. त्या दिवशी तू यावंस असं मी म्हणत नाही. आलास तर बाबा स्टेशनवर येणार म्हणतात. नाही आलास तरी दोन्ही कागदांच्या नकला मी तुला रजिस्टरनं पाठवीन, म्हणजे ज्याला दाखवायच्या त्याला दाखवता येतील.

माफ कर असं लिहीत नाही. तो शब्द मी तीनदा लिहून खोडला. मी तुझ्याकडून जे घेतलं ते त्यानं भरत नाही.

पण एक माझ्यापाशी आहे जे तुझं आहे, आणि ते फक्त मीच देऊ शकते. तो दिवस तुला आठवत नाही. मला मिनिटामिनिटाचा आठवतो. तर ऐक.

शनिवार, तेरा डिसेंबर. देवळात गर्दी होती, तुझी एक चप्पल हरवली आणि तू दुसरीही तिथेच सोडून दिलीस. आम्ही तुला हसलो. दुपारी सौंसरला आपण भरीत-भाकर खाल्लं, ठेच्यानं दादाच्या डोळ्यांतून पाणी आलं. निघताना तू शेजारच्या सीटवर अनवाणी बसलास, पाय वर घेऊन, एवढ्याशा जागेत कसाबसा दुमडून. तू दादाला तुझ्या होणाऱ्या बायकोबद्दल सांगत होतास. तिनं तुला फोनवर विचारलं होतं की तुमच्याकडे हिवाळ्यात फार थंडी पडते का, आणि तुला तेवढ्याचाही आनंद झाला होता. बोलता बोलता दादा झोपला. मग तू संत्रं सोललंस. एक फोड मला भरवलीस, कारण माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. बिया तू तळहातात धरल्यास, बाहेर फेकल्या नाहीस. तू म्हणालास, "तेजू, मस्त चालवून राहिली तू." दुसरी फोड तू सुटी केली होतीस तेव्हा वळण आलं.

तुझ्या हातात त्या वेळी संत्रं होतं, मयूरदादा. एवढंच होतं.

त्या दिवशी गाडी चालवणारी,
तेजस्विनी